न धुतलेली साडी

पुणे,
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय दया मावशी,

सलाम. तुझं पत्र पोचलं. फोनवर माझा नुसता सूर ऐकू येतो, शब्द कळत नाहीत, म्हणून लिहून कळव, असं तू म्हणतेस. कानाचं यंत्र डब्यात ठेवायचं असं तू ठरवलंच आहेस, तर मीही आता सविस्तरच लिहीन म्हणते.

चर्चच्या मंडळीतल्या बायका विचारतात की तुमची हेलन पुण्याला नेमकं काय करते, आणि तू "रक्त तपासते" असं सांगून मोकळी होतेस. तीस वर्षं नर्सचं काम केलेल्या बाईने असं मोघम उत्तर द्यावं? तर ऐक.

आपल्या रक्तात एका जातीच्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांचं नाव नॅचरल किलर. मारक पेशी म्हणू. त्या गस्त घालत असतात आणि वाटेत भेटेल त्या पेशीला जाऊन चिकटतात. आधी हलकेच चिकटतात, मग चाचपून बघतात. त्यांच्या अंगावर रिसेप्टर असतात, म्हणजे ओळखणारे हात समज. काही हात धोक्याच्या खुणा शोधतात आणि आतून हुकूम देतात, "घट्ट धर." बाकीचे हात समोरच्या पेशीवर आपल्या घरची खूण आहे का ते बघतात. ती सापडली की ते म्हणतात, "सोड." मग मिठी सैल पडते आणि मारक पेशी आपल्या वाटेने निघून जाते. दोनचार मिनिटांचा खेळ असतो.

आजारी किंवा कॅन्सरच्या काही पेशी घरची खूण पुसून टाकतात. तिथे मात्र "सोड" म्हणायला कुणी उरत नाही. मिठी आवळत जाते आणि ती पेशी मरते. मी मायक्रोस्कोपखाली ही मिठी मोजते. कोण किती वेळ धरतं, कधी सोडतं. "सोड" म्हणणाऱ्या हातावर औषधाने झाकण घातलं तर मारक पेशी आपल्याच माणसाला धरून बसते का, तेही बघते.

दिवसभर बसून पाठ भरून येते, बाकी बरी आहे. चहा सोडलाय, वासच नको वाटतो. चेतन बिचारा गॅलरीत उभा राहून पितो.

तुझी,
हेलन

--

खर्डा,
२० नोव्हेंबर २०२४

प्रिय हेलन,

तुला आणि चेतनरावांना सलाम. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. रविवारी उपासना सुटल्यावर बायकांना सांगितलं, "आमची हेलन मिठ्या मोजते." सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. आता तुझं नाव खर्ड्यात झालंच म्हणून समज.

तू लिहिलेलं मला किती पटलं ते सांगते, कारण त्याच आठवड्यात माझ्या हातून एक मूर्खपणा घडला. चांदी व्याली. दोन करडं. पहिलं छान कोरडं झालं, दुसरं पडलं ते थेट शेणात आणि चिखलात. माझा नर्सचा हात कुठला गप्प बसतो! उचललं, कोमट पाण्याने साबण लावून स्वच्छ धुतलं, टॉवेलने पुसलं आणि मोठ्या अभिमानाने चांदीपुढे ठेवलं. तिने हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि अशी ढुशी मारली की ते पोर कोलमडून पडलं. पोटचंच होतं ते, पण तिच्या लेखी परकं झालं.

शेजारच्या रंगुबाई धावत आल्या. त्यांनी करडाचा वास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी पहिल्या वर्षाच्या नर्सकडे बघायचे. म्हणाल्या, "आवं शिस्टरबाई, साबन लावला व्हय? आता आईनं वळखायचं कसं? तुमी मानसाची बाळंतपनं लई केली, पर शेळीचं येगळं हाय." आता चांदीचंच दूध त्याच्या पाठीला चोळायचं, तिच्या खालचं गवत त्याच्या अंगाला घासायचं आणि दिवसातून पाच वेळा तिचा पाय धरून त्याला पाजायचं, असं चाललंय. माझी कंबर गेली कामातून. घरची खूण मीच पुसली, तर ती परत लावायलाही मीच हवी.

आता दुसरी गोष्ट. ज्या मुलीने बारावीला दिवसाला सात कप चहा ढोसला, तिला चहाचा वास नकोसा होतो म्हणे. मी कानाने गेले आहे, डोक्याने नाही. कितवा आठवडा?

तुझी,
दया मावशी

--

पुणे,
३० नोव्हेंबर २०२४

प्रिय मावशी,

तुझ्यापासून काही लपत नाही. साडेआठ आठवडे झाले. चेतन आणि डॉक्टर सोडून कुणाला सांगितलेलं नाही. पहिलं नवव्या आठवड्यात गेलं आणि दुसरं दहाव्यात, तेव्हा दोन्ही वेळा मी तुला आधी आनंदाने कळवलं होतं आणि मग ते दुसरं पत्र लिहावं लागलं होतं. तसलं पत्र पुन्हा लिहायची ताकद माझ्यात नाही, म्हणून गप्प होते.

मला भीती वाटते. आणि भीतीचं कारण असं आहे की माझ्या लॅबमध्ये कुणाला सांगितलं तर हसतील. दुसऱ्या वेळेनंतर आम्ही एका खाजगी डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी रक्त तपासून सांगितलं, तुमच्या मारक पेशी जास्त आहेत, त्याच तुमच्या बाळाला मारतात. याला धड पुरावा नाही हे मला माहीत आहे. रक्तातल्या पेशी मोजून गर्भाशयातलं काही कळत नाही. तिथल्या मारक पेशी निराळ्या वळणाच्या असतात. पहिल्या महिन्यांत त्या तिथे दाटीने गोळा होतात, बाळाला पोसणाऱ्या वारेच्या पेशींना हात लावतात, त्यांच्या अंगावरची खास खूण वाचतात आणि मारत नाहीत. उलट बाळाकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या रुंद व्हायला मदत करतात. हे मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवते, मावशी. आणि घरी येऊन पोटावर हात ठेवून रडते.

गेल्या आठवड्यात मी एक वेडेपणा केला. स्वतःचं रक्त काढलं आणि माझ्याच मारक पेशी मायक्रोस्कोपखाली ठेवल्या. समोर कॅन्सरच्या, खूण पुसलेल्या पेशी होत्या, त्यांना धरणं हे त्यांचं कामच. तरी एक पेशी पन्नास मिनिटं सोडेना. वाटलं, हिला सोडताच येत नाही. हिला आपलं माणूस कळतच नाही.

आता लिहितेच आहे तर सगळं लिहिते. मी आठ वर्षांची असताना एका लग्नात कुणीतरी म्हणालं होतं, "हीच ना विमलची? आईनं टाकलेली?" मी तुला विचारलं, तेव्हा तू म्हणालीस, आई आजारी होती, तिने तुला माझ्याकडे दिलं. पण मला दिल्यानंतर आई पाच महिने जिवंत होती. त्या पाच महिन्यांत तिने मला एकदाही मांडीवर घेतलं नाही, हे मला मोठेपणी बाबांकडून कळलं. चांदीसारखंच ना? मला वाटतं, आमच्या रक्तातच हे असावं. पोटचं आपलं न वाटणं.

मावशी, आईने मला का दिलं?

हेलन

--

खर्डा,
९ डिसेंबर २०२४

प्रिय हेलन,

पत्र मिळालं. रोज सकाळ-संध्याकाळ तुझ्यासाठी प्रार्थना करते. जड उचलू नकोस, बाहेरचं खाऊ नकोस, आणि ते रक्त काढून बघायचे उद्योग बंद कर.

चांदीने पाचव्या दिवशी करडाची शेपटी हुंगली आणि शांत उभी राहिली. पाय धरावा लागला नाही. रंगुबाई म्हणाल्या, "दूध पोटात गेलं, वास अंगात आला." आता दोघं भावंडं तिच्या कासेला एकदमच लोंबतात.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाताळ झाला की निवांत लिहिते. तब्येत कळव.

दया मावशी

--

खर्डा,
२ जानेवारी २०२५

प्रिय हेलन,

तीन आठवडे झाले, तुझी एक ओळ नाही. रंगुबाईंच्या सुनेला, पूजाला, तुझ्या नंबरावर फोन लावायला सांगितला, तो बंद. मग चेतनरावांना लावला, ते पूजाला म्हणाले, "मावशींना सांगा, हेलन विश्रांती घेते आहे." मी बाळंतिणींमध्ये आयुष्य काढलंय. हे वाक्य मी स्वतः शेकडो नातेवाइकांना सांगितलं आहे, आणि कधी सांगायचे तेही मला ठाऊक आहे. तुझ्यासाठी केलेल्या करंज्यांचा डबा तसाच आहे. नाताळला चर्चमध्ये गायला उभी राहिले आणि मधूनच घरी आले.

काय झालं असेल ते असो. पण तुझ्या प्रश्नाला मी नाताळचं निमित्त करून पळ काढला, तो माझा भ्याडपणा होता. ऐक.

तू जन्मलीस तेव्हा विमलला खोकला होता. तू बारा दिवसांची असताना थुंकीचा रिपोर्ट आला. क्षय. तो मीच आणला, मीच वाचला आणि मीच ठरवलं की बाळ तिच्यापासून लांब ठेवायचं. आज कदाचित डॉक्टर वेगळं सांगतील. तेव्हा मला तेच योग्य वाटलं. तुझे बाबा कारखान्यावर होते, त्यांनी मान डोलावली.  विमलने तोंडाला पदर बांधला, तुला उचललं, टाळूवर नाक टेकवून कितीतरी वेळ तशीच बसली. मग तुला माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "अक्का, घे. मी रडले, पाया पडले, तरी मला देऊ नको." ती खरंच रडली, हेलन. खरंच पाया पडली. आणि मी दिलं नाही. दवाखान्यात क्षयाच्या वॉर्डाच्या पायऱ्यांवर ती बसायची आणि मी तुला घेऊन समोरच्या लिंबाखाली उभी राहायची. दर गुरुवारी. ती हात उंचावून तुझी बोटं मोजल्यासारखं करायची.

गावात क्षयाचं नाव काढलं असतं तर तुला कुणी अंगणात उभं केलं नसतं. म्हणून आजार म्हणाले आणि गप्प बसले. लोकांनी "टाकली" म्हटलं, तेही ऐकून घेतलं. तुला खरं सांगायला हवं होतं. तू दहावी झालीस की, नर्सिंग नको म्हणालीस की, लग्न ठरलं की, असं करत राहून गेलं.

आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. दर गुरुवारी विमल आपली अंगावरची एक साडी गुंडाळून द्यायची. म्हणायची, "हिच्या अंगाखाली घाल. धुऊ नको. माझा वास राहू दे, म्हणजे बरी होऊन आले की मला ओळखेल." मी हो म्हणायची. घरी आणून ती साडी बंबाच्या पाण्यात साबण घालून उकळायची, वाळवायची आणि मगच तुझ्या खाली घालायची. पुढच्या गुरुवारी ती लांबून विचारायची, "माझ्या साडीवर झोपते का गं?" मी म्हणायची, झोपते. खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं.

पाच महिने. वीसएक साड्या. एकही तशीच ठेवली नाही. त्या दिवशी चांदीने साबण लावलेल्या करडाला ढुशी मारली, तेव्हा मला त्या सगळ्या साड्या आठवल्या.

तुझ्या रक्तात काही खोट नाही. तुला तुझ्या आईचा वास मिळाला नाही, कारण तो मी धुऊन टाकला.

मला क्षमा कर. आणि काय असेल ते कळव.

दया

--

सावेडी, अहिल्यानगर,
१५ जानेवारी २०२५

प्रिय मावशी,

आधी सगळ्यात महत्त्वाचं. बाळ आहे. पंधरा आठवडे पूर्ण झाले. परवा सोनोग्राफीत त्याने अंगठा तोंडात घातलेला दिसला.

सहा डिसेंबरला लॅबमध्येच रक्त गेलं. मी मनात सगळं संपवून टाकलं होतं. डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. त्या म्हणाल्या, "अहो, बघा तर, ठोके चालू आहेत." मग पूर्ण विश्रांती सांगितली आणि चेतनने मला इथे सावेडीला सासूबाईंकडे आणलं. तुला कळवायचं नाही अशी शपथ मीच त्याला घातली होती. तुझ्यावर राग नव्हता. एक वाईट पत्र लिहायचं टळावं म्हणून मी कुठलंच पत्र लिहीत नव्हते. तू तीन आठवडे किती सोसलंस ते आता कळतंय. मलाही क्षमा कर.

तुझं पत्र चेतनने पुण्याहून आणलं. मी ते सासूबाईंना वाचून दाखवायला घेतलं आणि मधेच मला पुढे वाचता येईना, तर उरलेलं त्यांनी मला वाचून दाखवलं.

मावशी, मी इतकी वर्षं माझं काम उलटं वाचत होते. मला वाटायचं, आपलं असेल त्याला घट्ट धरायचं, आणि सोडलं म्हणजे ओळखच पटली नाही. पण माझ्या काचेच्या डबीत रोज नेमकं याच्या विरुद्ध घडतं. ओळख पटत नाही तेव्हाच पेशी धरून ठेवते. जवळ जाऊन, हात लावून, घरची खूण पटली की मगच सोडते, आणि म्हणून समोरची पेशी जगते. आईने माझ्या टाळूवर नाक टेकवलं आणि मला तुझ्या हातात दिलं. तिने मला पुरतं ओळखलं होतं, मावशी. म्हणूनच सोडलं. एकतीस वर्षांनी मला माझी आई मिळाली, आणि ती तू दिलीस.

साड्यांचं म्हणशील, तर तेव्हा तुझ्या जागी मी असते तरी उकळल्याच असत्या. हे मी तुझं समाधान व्हावं म्हणून लिहीत नाही. पण वाईट वाटलं, तेही लिहिते. खूप वाटलं. एक तरी साडी राहिली असती तर, असं दोन दिवस मनात येत होतं. मग आठवलं की लहानपणी ताप आला की मी तुझ्या ड्युटीच्या पांढऱ्या साडीत तोंड खुपसून झोपायची. स्पिरिट, घाम आणि खोबरेल. त्या वासाने माझा ताप निम्मा उतरायचा. वास अंगात येतो तो असा, रंगुबाईंना सांग.

आता इथून हलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, त्यामुळे खर्ड्याला बाळंतपण होणं नाही. पण माहेरचं माणूस म्हणून तूच यायचंस. जुलैच्या पहिल्या आठवड्यात.

तुझी,
हेलन

--

खर्डा,
१८ जून २०२५

प्रिय हेलन,

चार जुलैला सकाळच्या एसटीने निघते. रंगुबाई शेळ्या बघणार आहेत. मी जाताना करडांना साबण लावून जाईन की काय, अशी त्यांना धास्ती.

बाळासाठी आठ दुपटी शिवली आहेत. मऊ व्हावीत म्हणून जुन्या सुती साड्यांची. तीनदा उकळून, कडक उन्हात वाळवून, इस्त्री करून पिशवीत घालून ठेवलीत. काही काळजी करू नकोस. सूज असेल तर पाय उशीवर ठेव.

मंडळीतल्या बायका विचारतात की मिठ्या मोजणारी कशी आहे. मी सांगते, आता मिठी मारायची पाळी तिचीच.

दया मावशी

--

सावेडी,
१ जुलै २०२५

मावशी,

हे पत्र चेतनच्या हाती देते आहे. तो गाडी घेऊन निघतोय, तुला घेऊनच यायचंय. चार तारखेची वाट बघायला तुझी नात तयार नव्हती. आज पहाटे आली. दोन किलो सातशे. रडली, मग माझ्या अंगावर ठेवली तशी गप्प झाली.

तिचं नाव विमल. चेतनला आणि सासूबाईंना मी विचारलंही नाही, त्यांनीच आधी सांगितलं.

इथल्या नर्सने तिला पुसून माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, "आंघोळ उद्या. आज आईचा वास राहू दे." हल्ली असंच करतात म्हणे. मी हसले, मग इतकी रडले की ती घाबरून डॉक्टरांना बोलवायला निघाली. काय सांगणार होते तिला?

टाळूवर नाक टेकवलं. कितीतरी वेळ तशीच बसले. आई कशी बसली असेल ते कळलं. तिच्या हातात बारा दिवस होते, माझ्या हातात सगळं आयुष्य आहे, आणि तरी मला सोडवेना. पण दुपारी सासूबाईंनी हात पुढे केले, तेव्हा दिलं. देता आलं मला, मावशी.

तू ये. उकळलेली दुपटी आण, हरकत नाही. पण आत्ता, हे वाचताना, तुझ्या अंगावर जी साडी असेल, गोठ्यातली, चुलीपुढची, चांदीच्या दुधाचे डाग पडलेली, तीच घडी घालून पिशवीत घाल. विमलच्या अंगाखाली घालायची आहे.

धुऊ नकोस.

तुझी लेक,
हेलन